पाचवा कोरा कागद

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या भागाच्या शिक्षण समितीचे सभापती, माननीय साहेब, वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, शिक्षणाधिकारी मॅडम, व्यासपीठावर शेवटच्या खुर्चीत बसलेले, पण सगळी कामं पहिल्या खुर्चीची करणारे साहेबांचे स्वीय सहायक, उद्यापासून शाळेचा प्रभार घेणारे आमचे विज्ञानाचे सर, समोर बसलेले शिक्षक आणि शिक्षिका, आजूबाजूच्या शाळांमधून आलेले मुख्याध्यापक आणि मागच्या दोन रांगा धरून बसलेले माझे लिपिक बंधू-भगिनी, पालक मंडळी, बसा म्हटलं तरी न बसणाऱ्या, दाराशी उभ्या असलेल्या आमच्या शिपाई मावशी, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आमच्या मोठ्या बाई. सर्वांना माझा नमस्कार.

मी या शाळेचा लिपिक. सव्वीस वर्षं झाली. आलेल्या पत्रावर आवक क्रमांक टाकायचा, जाणाऱ्या पत्रावर जावक क्रमांक टाकायचा, मधल्या वेळात दाखले लिहायचे, हे माझं काम. भाषण करणं माझं काम नव्हे. तरी कार्यक्रमपत्रिकेत 'लिपिकांचे दोन शब्द' असं छापलेलं आहे. ती पत्रिका मीच टाइप केली आहे, तेव्हा हे दोन शब्द तिच्यात कसे आले, हे कोणी विचारू नये.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी स्वभावाने संशयी आहे. आमची सौभाग्यवती म्हणते, चहा गोड झाला तरी तुम्ही विचाराल, आज साखर जास्त का घातली? ती चुकीचं म्हणत नाही. आणि खरं सांगायचं तर ती जास्त साखर घालते तेव्हा काहीतरी कारण असतंच.

आता आजचंच बघा. आपण बसलो आहोत त्या खुर्च्या नव्याकोऱ्या आहेत. काल संध्याकाळी टेम्पोतून उतरल्या. वर्गातल्या बाकांसाठी आम्ही सहा वर्षं पत्रं लिहितो आहोत, आणि निरोपाला मात्र खुर्च्या एका दिवसात आल्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर साहेबांचं नाव रंगवलेलं आहे. रंग अजून ओला आहे, त्यामुळे टेकून बसताना जरा जपून. आणखी एक. साहेब ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी आले. साहेबांच्या हस्ते झालेले सात कार्यक्रम मी या शाळेत पाहिले, सातही वेळा मुलं दीड-दीड तास उन्हात उभी होती. आज साहेब वेळेआधी आले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्या आधी बोललेल्या तिघांनी सांगितलं की, मोठ्या बाई स्वतःच्या विनंतीवरून बदली घेऊन चालल्या आहेत. तिघांचंही वाक्य शब्दाला शब्द सारखं होतं. तुमच्या लक्षात आलं का? माझ्या आलं.

असो. निरोपाचं भाषण आहे, तर ज्यांना निरोप द्यायचा त्यांच्याबद्दल बोललं पाहिजे.

मोठ्या बाई चौदा वर्षांपूर्वी इथे आल्या. आल्या त्या दिवशी त्यांनी हारतुरे घेतले नाहीत, आधी मुलींच्या स्वच्छतागृहाची दारं उघडून पाहिली. सहापैकी चार दारांना कड्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी बाई घरून चार कड्या आणि पेचकस घेऊन आल्या. मी म्हटलं, "बाई, असं करू नका. तुम्ही स्वतः कड्या लावल्या तर कड्यांची मागणी मंजूर होणार नाही." बाई म्हणाल्या, "भाऊ, मंजुरी येईपर्यंत मुलींनी काय करायचं?" या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही परिपत्रकात नाही. मी शोधलं.

वरच्या मजल्याचं छत गळायला लागलं त्याला आता पाच वर्षं होतील. तीन वर्ग बंद करावे लागले, दोन तसेच चालवले. तिसरीच्या वर्गात बादल्या मांडलेल्या असायच्या आणि बादल्यांच्या मधल्या जागेत मुलं बसायची. भरलेली बादली ओतायची पाळी लावलेली होती, फळ्याच्या कोपऱ्यात रोज दोन नावं लिहिलेली असत. एकदा एका मुलाचे वडील तक्रार घेऊन आले. मला वाटलं, मुलाला बादल्या उचलायला लावता म्हणून भांडायला आले असतील. तर ते म्हणाले, "आमच्या मुलाची पाळी दोन आठवड्यांत एकदाही आली नाही, असा भेदभाव का?" हसू नका. मुलांना कशाचंही कौतुक वाटतं. लाज आपल्याला वाटायला हवी.

छताच्या दुरुस्तीसाठी निधी होता. निधी नेहमी असतो. तो साहेबांच्या शिफारशीने मिळतो आणि शिफारशीसाठी शाळेचं मागणीपत्र लागतं. मी पत्र लिहिलं. ते परत आलं, कारण मी 'गळती' लिहिलं होतं आणि नव्या नमुन्यात 'पाणी झिरपणे' असं होतं. मी 'पाणी झिरपणे' लिहिलं. ते परत आलं, कारण दरम्यान योजनेचं नाव बदललं होतं. नवं नाव घालून पाठवलं. तेव्हा कळलं की, अर्ज स्वीकारायची मुदत आदल्या दिवशी संपली. साहेबांच्या कार्यालयात मी इतके हेलपाटे घातले की, तिथला पहारेकरी मला पाहून गेट उघडायचा आणि 'आज काय राहिलं?' असं विचारायचा.

मग या वर्षाच्या सुरुवातीला स्वीय सहायकांना माझी दया आली. मी त्यांचे आभार मानायला विसरणार नाही. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाले, "काका, या वयात कशाला धावपळ करता? नमुने आमच्याकडेच बदलतात, तुम्हाला तिथे बसून कसे कळणार? असं करा, शाळेच्या लेटरहेडचे पाच कोरे कागद सही-शिक्क्यानिशी देऊन ठेवा. जावक क्रमांकही घालून ठेवा. मजकूर आम्ही इथेच बरोबर टाइप करून घेतो. सगळ्या शाळा तसंच करतात."

सगळ्या शाळा तसंच करतात. मागच्या रांगांमधले माझे बंधू-भगिनी आता जमिनीकडे का बघत आहेत, ते मी विचारत नाही.

मी शाळेत आलो आणि बाईंसमोर पाच कोरे कागद ठेवले. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "भाऊ, कोऱ्या कागदावर सही मी माझ्या सख्ख्या भावालाही दिली नाही." मी म्हटलं, "बाई, तुमच्या भावाच्या घराचं छत गळत नाही." मला तेव्हा माझ्या हजरजबाबीपणाचं फार कौतुक वाटलं. बाईंनी छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला. मग त्यांनी पाचही कागदांवर सही केली. मी शिक्का मारला, जावक क्रमांक घातले, एकशे पंच्याण्णव ते एकशे नव्व्याण्णव. रजिस्टरात पाचही क्रमांकांपुढे लिहिलं, 'दुरुस्ती मागणी'. आणि कागद नेऊन दिले.

आणि सांगायला आनंद वाटतो की, काम झालं! महिन्याभरात दोन वर्गांचं छत दुरुस्त झालं. दुसऱ्या कागदावर पाण्याची टाकी आली. तिसऱ्यावर स्वच्छतागृहाची दारं आली, सहा मागितली होती, दोन आली, पण आली. चौथ्या कागदावर कुंपण येणार होतं, ते वाटेत आहे असं ऐकतो. मी शाळाभर छाती काढून फिरत होतो. बाकीच्या लिपिकांना मी शहाणपण शिकवलं. पाचवा कागद राहिला होता. मी मनाशी म्हटलं, असू दे, बाकांसाठी होईल.

एक मिनिट. मला एक चिठ्ठी आली आहे. 'वेळेचे भान ठेवावे.' आभारी आहे. वेळेचंच सांगतो आहे.

मध्यंतरी साहेब शाळेत आले होते. तळमजल्यावरच्या तीन खोल्या त्यांना अभ्यासिकेसाठी हव्या होत्या. अभ्यासिका म्हणजे चांगलीच गोष्ट. फक्त ती शाळेची नसणार होती, साहेबांच्या संस्थेची असणार होती, आणि तिथे बसायला फी असणार होती. बाई म्हणाल्या, "साहेब, त्या खोल्यांत पहिलीची मुलं बसतात. आणि कुबड्या घेऊन येणारी तिसरीतली एक मुलगी आहे, तिच्यासाठी तिचा अख्खा वर्ग आम्ही खाली आणला आहे. त्यांना वरच्या गळक्या खोल्यांत कसं पाठवू?" साहेब हसले. साहेबांचं हसणं फार प्रसन्न आहे, आताही आपण पाहत आहात. म्हणाले, "बाई, विचार करा. घाई नाही." पंधरा दिवसांनी पुन्हा आले. बाई म्हणाल्या, विचार केला, उत्तर तेच आहे.

त्यानंतर नऊ दिवसांनी बदलीचा हुकूम आला. 'विनंतीवरून बदली.' गाव असं निवडलं आहे की, तिथे पोहोचायला दोन बस बदलाव्या लागतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या बाईंनी अशी विनंती का करावी? हुकुमासोबत अर्जाची झेरॉक्स जोडलेली होती. मी वाचली. अर्जात बाईंनी म्हटलं होतं की, त्यांचे पती दीर्घकाळ आजारी असून त्या गावची हवा त्यांना मानवते.

पालकांपैकी काहींना माहीत नसेल. मोठ्या बाईंच्या यजमानांना जाऊन अकरा वर्षं झाली.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग मावशींना बोलावून वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "मेलेल्या माणसाला कसली हवा मानवते?" आणि पदर डोळ्यांना लावला. मोठ्या बाई तेव्हा सातवीचा तास घेत होत्या. हुकूम मी त्यांच्या टेबलावर ठेवला आणि तिथून पळालो. मला त्यांचं तोंड बघवणार नव्हतं.

झेरॉक्सवर सही बाईंची दिसत होती, शिक्का आपल्या शाळेचा. वरची पट्टी मात्र झेरॉक्स काढताना कापली गेली होती. मी ठरवलं, सहीची कोणीतरी नक्कल केली आहे आणि शिक्का आतल्याच माणसाने मारला आहे. घरचा भेदी! शिक्का माझ्या कपाटात असतो. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी विज्ञानाच्या सरांकडे. बाई गेल्या की प्रभार कोणाकडे येणार? सरांकडे. झालं. मी सरांच्या मागावर राहिलो.

सर, आता ऐकून घ्या, कारण एकट्याने सांगायचं मला धाडस झालं नाही. मी तुमचा डबा उघडून पाहिला आहे. तुमच्या प्रयोगवहीतले कागद चाळले आहेत. एका दुपारी तुम्ही त्या तीन खोल्यांच्या दारांशी टेप लावून मापं घेत होतात. मी खांबाआड उभा राहून पाहिलं आणि माझी खात्रीच झाली की, खोल्या मोजून द्यायचं काम तुम्हीच अंगावर घेतलं आहे. परवा कळलं की तुम्ही कुबड्यांच्या त्या मुलीसाठी पायऱ्यांवर लाकडी उतार करून घेता आहात, स्वतःच्या पगारातून. मी तुमची माफी मागतो. डब्याचीही मागतो. भाजी छान होती.

मी मावशींवरही संशय घेतला, कारण टपाल त्या नेतात. मावशी, तुम्हाला ते कळलं होतं, म्हणूनच तुम्ही चार दिवस मला पाणी आणून दिलं नाहीत. बरोबर केलंत.

आणि आता सगळ्यात वाईट सांगतो. मी मोठ्या बाईंवर संशय घेतला. कारण हुकूम आला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई तक्रार करायला शिक्षणाधिकारी कार्यालयात गेल्या होत्या. जाताना तावातावाने गेल्या. परत आल्या तेव्हा एक शब्द बोलल्या नाहीत. मी विचारलं, "बाई, तक्रार दिलीत?" म्हणाल्या, "नाही, भाऊ. जाऊ दे. दोन वर्षंच राहिली आहेत." आणि कपाट आवरायला लागल्या. जी बाई चार कड्यांसाठी गप्प बसली नाही, ती आता का गप्प बसते? माझ्या डोक्यात नको नको ते आलं. बाईंना कोणीतरी काहीतरी कबूल केलं असेल, पेन्शनचं काम लवकर करून देतो म्हटलं असेल, बाईही शेवटी माणूसच. मी हा विचार पुरते चौदा दिवस बाळगला, आणि रोज सकाळी बाईंना नमस्कारही करत राहिलो.

परवा मी स्वतः त्या कार्यालयात गेलो. तिथल्या एका माणसाने मूळ अर्ज दाखवला. तो कोण, हे मी सांगणार नाही, मॅडम, तुम्ही विचारलंत तरी. मूळ अर्जाला वरची पट्टी होती. लेटरहेड आपल्या शाळेचं. मोठ्या बाई रजेचा अर्जसुद्धा घरच्या वहीच्या पानावर लिहितात, शाळेचा कागद स्वतःसाठी वापरत नाहीत, हे मला तेव्हा आठवलं. अर्जावर तारीख गेल्या महिन्याची. आणि जावक क्रमांक? आमचा जावक क्रमांक गेल्या महिन्यात सातशेच्या पुढे गेला आहे. या अर्जावर होता एकशे नव्व्याण्णव. त्यातल्या नवांच्या शेपट्या ओळीखाली लोंबत होत्या. माझ्या हातचा नऊ तसाच असतो. लहानपणी गुरुजींनी त्यावरून मला छड्या मारल्या, तरी सुधारला नाही.

तिथल्या बाकावर बसलो. अठरा दिवस मी ज्या चोराला शाळाभर शोधत होतो, त्याने कागद आपल्या हाताने क्रमांक घालून, घडी न पडू देता, पाकिटात घालून नेऊन दिला होता. वर चहाही प्यायला होता.

दुसरी चिठ्ठी. 'भाषण आवरते घ्यावे, साहेबांना पुढे जायचे आहे.' साहेब, पाचच मिनिटं. मुलं तुमच्यासाठी दीड तास थांबलेली आहेत.

आणि माइकपाशी बसलेले दादा, तुम्हाला कोणी खूण करत असेल तर तिकडे बघू नका. माइक बंद झाला तरी मला आवाज आहे. सव्वीस वर्षं बाहेरच्या व्हरांड्यात उभं राहून मी पालकांना हाका मारल्या आहेत.

काल दुपारी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. त्या वर्तमानपत्रात पेपरवेट गुंडाळत होत्या. मी म्हटलं, "बाई, तो क्रमांक माझ्या हातचा आहे." बाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "मला माहीत आहे. तक्रार द्यायला कार्यालयात गेले, तेव्हाच मूळ अर्जावर पाहिला."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

बाई म्हणाल्या, "काय बोलू? सही माझीच आहे. चौकशी लागली की पहिला प्रश्न, कोरा कागद बाहेर कसा गेला? क्रमांक कोणाचा? तुमचा. नेऊन कोणी दिला? तुम्ही. आधी तुमचं निलंबन होईल. तुमची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं काय, मी दोन बस बदलून जाईन. तुम्ही या बाबतीत कुठेही बोलायचं नाही. शपथ घ्या."

मी शपथ घेतली नाही. तिथून उठलो आणि रजिस्टरांच्या खोलीत जाऊन रडलो. एवढ्या लोकांसमोर हे सांगायची मला लाज वाटत नाही. ज्या बाईवर मी चौदा दिवस संशय घेतला, ती बाई चौदा दिवस माझी नोकरी सांभाळत होती. मला सांगा, याला काय म्हणायचं? निरोपाच्या भाषणात म्हणतात तसं 'ऋणात राहू इच्छितो' म्हणून मोकळं व्हायचं का?

आज सकाळी मी एक पत्र लिहिलं. घरी वाचून दाखवलं. सौभाग्यवतीने विचारलं, "हे दिल्यावर तुमचं काय होईल?" मी म्हटलं, "निलंबन होईल, कदाचित त्याहून जास्त." तिने कपाट उघडून शर्ट काढला. मग म्हणाली, "निदान इस्त्रीचा शर्ट तरी घाला, सगळे बघतील." मुलीने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, शेवटच्या वर्षाची फी भरून झाली आहे. तुम्ही जा." म्हणून मी आज असा नीटनेटका दिसतो आहे.

पत्रात मी कोणावरही आरोप केलेला नाही. साहेब, आपण निश्चिंत असावं. कारण माझ्याकडे पुरावा फक्त माझ्याविरुद्धचा आहे. त्यात लिहिलं आहे की, सही-शिक्क्याचे पाच कोरे कागद मी मागितले, बाई नको म्हणत असताना मी त्यांना भरीस पाडलं, क्रमांक मी घातले आणि अमुक दिवशी, अमुक कार्यालयात, अमुक व्यक्तीच्या हातात मी ते दिले. पाचव्या कागदावर पुढे काय टाइप झालं, कोणी केलं, कोणाच्या सांगण्यावरून केलं, मला माहीत नाही. संशय आहे. संशय पत्रात लिहीत नाहीत. तो तोंडी असतो, आणि आता तुम्हा सगळ्यांनाही आला असेल. एकशे नव्व्याण्णव क्रमांकाचं रजिस्टराचं पान सोबत जोडलं आहे, आणि यजमानांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रतही. बाईंच्या सेवापुस्तकात ती अकरा वर्षांपासून लावलेली आहे, मीच लावली होती.

आणखी एक कामाची गोष्ट. प्रभाराची यादी तयार आहे. कपाटं, नकाशे, शिक्के, सगळं मोजून झालं आहे. बाईंची सही आहे, सरांची सही आहे. साक्षीदार म्हणून माझी सही लागते. ती मी केलेली नाही. म्हणजे आत्ता, या क्षणी, या शाळेच्या मुख्याध्यापिका मोठ्या बाईच आहेत, आणि आपण सगळे ज्यांना निरोप देतो आहोत त्या कुठेही गेलेल्या नाहीत.

मागच्या रांगेतल्या माझ्या बंधू-भगिनींना एकच विनंती. उद्या आपापलं जावक रजिस्टर उघडा. 'दुरुस्ती मागणी' लिहिलेलं आहे आणि फाईलमध्ये प्रत नाही, असे किती क्रमांक आहेत ते बघा. ते कागद कोणाच्या तरी खणात अजून कोरे पडले आहेत. त्यांवर काय येईल हे तुम्हालाही माहीत नाही. कोणाची विनंती येईल, कोणाची संमती येईल, तुमच्या शाळेचं मैदान नको आहे असंही तुम्हीच लिहून दिलेलं असेल. ही युक्ती तुमच्यातल्या कित्येकांना मीच शिकवली. त्याबद्दल तुमचीही माफी मागतो.

मोठ्या बाई, तुमच्याबद्दल दोन शब्द बोलायचे होते, ते राहूनच गेले. मान खाली घालू नका. तुम्ही बोलू नका म्हणाला होतात. चौदा वर्षांत तुमचं मी सगळं ऐकलं, एवढं एक ऐकलं नाही.

आता आभार. साहेबांनी शेवटपर्यंत बसून ऐकलं, त्यांचे आभार. स्वीय सहायकांनी मधे मधे चिठ्ठ्या पाठवून माझ्या भाषणाला शिस्त लावली, त्यांचे आभार. चिठ्ठ्यांवर आवक क्रमांक घालून त्या जपून ठेवल्या जातील. माइकवाल्या दादांचे विशेष आभार. आपण सगळ्यांनी ओल्या रंगाच्या खुर्च्यांवर इतका वेळ कळ काढली, आपलेही आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा अवमान झाला असेल, तर लहान माणूस समजून पोटात घाला. पत्रात काही चुकलं असेल तर मात्र पोटात घालू नका, ते माझ्या नावावर लिहा.

मॅडम, आपण इथे येऊन चारच महिने झाले. आपण कोणाच्या बाजूच्या, मला माहीत नाही, आणि माझा स्वभाव मी सुरुवातीलाच सांगितला. अर्जच खरा नसेल तर बदली थांबवायचा अधिकार आपल्याला आहे, एवढं मला माहीत आहे. हे ते पत्र. दोन प्रती आहेत, एक आपली, एक माझी. माझ्या प्रतीवर पत्र मिळाल्याची सही करून द्या, खाली तारीख आणि वेळ घाला. हे पेन.

नाही, मॅडम, त्यांच्याकडे देऊ नका. ते हात पुढे करत आहेत ते मला दिसतं आहे. त्यांच्या हातात मी एकदा कागद दिला आहे. आपणच घ्या. वाचा, सगळं वाचा, आणि मग सही करा. मी इथेच उभा आहे.